‘टु वेन्ट’ हा अपराध कोणाचा?

चिखलीस इंग्रजीचें अध्यापन करूं लागल्यास आम्हांस आतां पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. या अवधींत किती उत्तरपत्रिका आमच्या हातांखालून गेल्या याची मोजदाद आम्हीं ठेविली नाहीं. परंतु एक वाक्य मात्र दर वर्षीं आणि दर वर्गांत नाना वेष घेऊन आमच्या भेटीस येतें. तें वाक्य असें : ‘ही वॉन्टेड टु वेन्ट टु पुणे.’ कधीं ‘वॉन्टेड’च्या जागीं ‘ट्राइड’ असतें, कधीं ‘हॅड’ असतें. कधीं पुण्याच्या ऐवजीं बुलढाणें असतें, कधीं मुंबई. पण ‘टु’च्या पुढें भूतकाळाचें रूप ठाण मांडून बसलेलें असतें, त्यांत बदल होत नाहीं.

या वाक्याखालीं तांबडी रेघ ओढावयाची, गुण कापावयाचा आणि शिक्षकांच्या खोलींत चहा घेतांना सहकाऱ्यांस तें वाचून दाखवावयाचें, असा आमच्या व्यवसायाचा परिपाठ आहे. त्या वेळीं जो निकाल दिला जातो तोही ठरलेला असतो. ‘हा मराठीचा परिणाम. पोरें मराठींत विचार करतात, मग इंग्रजी अशीच होणार.’ सर्वजण माना डोलवितात. नंतर हाच निकाल वर्गांत मुलांस ऐकविला जातो : ‘इंग्रजी यावयास हवी असेल तर मराठींत विचार करणें सोडा.’ हा निकाल खोटा आहे, अन्यायाचा आहे, आणि तो देणाऱ्यांस ना मराठीचें व्याकरण ठाऊक आहे ना इंग्रजीचें, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें येथें सप्रमाण मांडण्याचा आमचा विचार आहे. या निकालावर आजवर जे डोळे झांकून सही करीत आले त्यांत आम्हीही होतों, हें वाचकांस आरंभींच सांगून ठेवणें बरें.

कोणी म्हणेल, एका ‘टु’साठीं एवढा गाजावाजा कशाला? व्याकरणाची चूक ती. आज झाली, उद्यां सुधारेल. पण आमच्या भागांत ही चूक केवळ कागदावर राहत नाहीं. आजूबाजूच्या खेड्यांतून एस्. टी. नें येणारा मुलगा, ज्याच्या घरीं दोन-चार एकर सोयाबीन वा कापूस यापलीकडे आधार नाहीं, तो मुलाखतीस जातो तेव्हां त्याची सारी विद्या या एका ‘वेन्ट’वरून तोलली जाते. समोरचे लोक हंसतात. परत आल्यावर तो मुलगा वर्गांत शंका विचारणें बंद करतो. त्याला असें वाटूं लागतें कीं, आपल्या तोंडांत जी भाषा आईनें घातली तीच आपल्या उत्कर्षाच्या आड आली. पुढें तो बाप होतो, आणि ऐपत नसतां कर्ज काढून आपल्या लेंकरास इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत घालतो. कारण मराठी हा एक रोग आहे व तो लहानपणींच टाळावा, अशी त्याची समजूत त्याच्या गुरुजनांनींच करून दिलेली असते. व्याकरणाच्या एका चुकीचें खोटें निदान केल्यानें एवढें सगळें घडतें. म्हणून निदान खरें कीं खोटें हें तपासणें अगत्याचें आहे.

तर आतां आरोपीला न्यायासनापुढें उभें करूं. मराठी मनुष्य ‘टु वेन्ट’सारखें कांहीं बोलतो काय? ‘तो पाहायला गेला’ असें आपण म्हणतों. येथें क्रिया दोन आहेत, पाहण्याची आणि जाण्याची. दोन्ही कालच घडल्या. तरी काळाची खूण एकाच क्रियापदावर आहे, ‘गेला’ या शब्दावर. ‘पाहायला’ या रूपास भूतकाळ नाहीं, वर्तमान नाहीं, भविष्यही नाहीं. ‘तो पाहायला जातो’, ‘तो पाहायला जाईल’. ‘पाहायला’ आपल्या जागीं अचल. ‘त्याला जावें लागलें’ यांत काळ ‘लागलें’नें वाहिला, ‘जावें’ मोकळें राहिलें. ‘ती हसूं लागली’ यांत ‘हसूं’ला काळ नाहीं. चिखलीच्या बाजारांतली भाजीवाली, जिनें शाळेचें तोंड पाहिलें नाहीं, तीही ‘तो पाहिलायला गेला’ असें उभ्या जन्मांत म्हणावयाची नाहीं. घाटाखालीं उतरलें कीं वऱ्हाडींत ‘पाहाले गेला’ ऐकूं येतें; प्रत्यय बदलला, नियम बदलला नाहीं. ज्या भाषेंत ही चूक करणें अशक्य, त्याच भाषेवर ती शिकविल्याचा आरोप ठेवावा, हा कोठला न्याय?

इतकेंच नव्हे. इंग्रजींतला हा ‘टु’ मूळचा कोण, हें पाहिलें म्हणजे तर आरोप ठेवणाऱ्यांस खालीं पाहावें लागेल. सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत हा ‘टु’ सरळ शब्दयोगी अव्यय होता. इंग्रजींत तो नामाच्या आधीं येतो, मराठींत आपण असे शब्द नामाच्या मागें जोडतों, एवढाच फरक. त्या ‘टु’पुढें क्रियेचें नाम चतुर्थीच्या रूपांत ठेवीत, ‘गावयास’ अशा अर्थीं ‘टु सिंगेन्ने’ म्हणत. पुढें शेंपटाचे विभक्तिप्रत्यय झिजले, ‘टु सिंग’ एवढें उरलें, आणि ‘टु’ हा त्या रूपाचाच अवयव होऊन बसला. आतां आपलें ‘गावयास’ किंवा ‘गायला’ पाहा. तें काय आहे? क्रियेचें नाम, आणि त्याला लागलेला ‘स’ किंवा ‘ला’ हा विभक्तीचा प्रत्यय. म्हणजे जी युक्ति इंग्रजांच्या पूर्वजांनीं योजिली तीच आमच्याही पूर्वजांनीं योजिली आहे. संस्कृताचें ‘गन्तुम्’ घ्या. तेंही मूळचें क्रियावाचक नामाचें द्वितीयेचें रूपच. जें नाम आहे त्याला भूतकाळ कसा असेल? ‘घर’ या शब्दाचा भूतकाळ कोणी विचारतो काय? ‘टु’पुढें ‘वेन्ट’ कां चालत नाहीं याचें उत्तर एवढेंच आहे, आणि तें उत्तर मराठी मुलाच्या जिभेवर जन्मापासून तयार आहे. त्याला तें कोणी दाखवून दिलेलें नाहीं, इतकेंच.

मग ही चूक आली कोठून? ती आमच्या शाळांतून आली. पांचवी-सहावीपासून मुलाकडून एक कोष्टक पाठ करून घेतलें जातें : ‘गो, वेन्ट, गॉन’, ‘सी, सॉ, सीन’. त्याबरोबर एक नियम : ‘वाक्यांत यस्टर्डे दिसला, किंवा मराठी वाक्याच्या शेवटीं ला-ली-लें आलें, कीं क्रियापदाचें दुसरें रूप घालावें.’ मुलगा आज्ञाधारक असतो. वाक्यांत क्रियापदें दोन, गोष्ट कालची. तो दोन्हींचीं दुसरीं रूपें घालतो. नियमांत ‘एकाच क्रियापदाचें’ असें कोणी सांगितलेलें नव्हतें. ‘टु वेन्ट’ हें अज्ञानाचें फळ नव्हे, आज्ञापालनाचें फळ आहे. ज्यानें नियम मनावर घेतला नाहीं तो कदाचित् कानाच्या संवयीनें ‘टु गो’ लिहून जाईल. ज्यानें मनापासून घेतला तो ‘टु वेन्ट’ लिहील. आम्ही मात्र पहिल्यास हुशार म्हणतों व दुसऱ्यास मराठीच्या नांवानें बोल लावतों.

खरें बोलावयाचें तर मराठीच्या माथीं मारतां येतील अशा चुका आहेतच, आणि त्या आम्ही लपविणार नाहीं. ‘ही डिड नॉट वेन्ट’ ही त्यांतली एक. ‘तो गेला नाहीं’ असें आपण म्हणतों. ‘नाहीं’ बाजूस उभें राहतें आणि ‘गेला’ आपला भूतकाळ सोडीत नाहीं. इंग्रजींत तो भूतकाळ ‘डिड’ काढून घेतें व मुख्य क्रियापदाच्या हातीं कांहीं ठेवीत नाहीं. येथें मराठीची संवय मुलास फसविते, हें मान्य केलें पाहिजे. तथापि बोलूं लागलेलीं इंग्रजांचीं मुलेंही कांहीं काळ भूतकाळ असाच दोन्हीकडे लावतात, हें बालभाषेच्या अभ्यासकांनीं नोंदविलें आहे; त्यांना कोणती मराठी बाधली? तेव्हां दोन चुका दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचीं मुळें निराळीं असतात. एक मराठीच्या ओढीनें झालेली, दुसरी मराठीकडे पाठ फिरविल्यानें झालेली. वैद्यानें दोहोंस एकच काढा द्यावा, आणि तोही दुसऱ्याच रोगावरचा, अशी सध्याची स्थिति आहे.

या ‘टु’चें आणखी एक प्रकरण आहे, आणि त्यांत भले भले घसरतात. ‘आय लुक्ड फॉर्वर्ड टु मीट यू’ असें पत्रांत लिहिणारे पदवीधर आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. आम्हीही विद्यार्थिदशेंत लिहिलें आहे. येथें ‘मीट’ नको, ‘मीटिंग’ हवें. कां? तर येथील ‘टु’ आपलें जुनें शब्दयोगी अव्ययाचें काम अद्याप करीत आहे. त्याला नाम हवें. परीक्षा सोपी आहे. ‘टु’पुढें ‘इट्’ किंवा एखादें साधें नाम ठेवून पाहावें. ‘लुक्ड फॉर्वर्ड टु इट्’ चालतें. म्हणून क्रियापद ठेवावयाचें असल्यास तेंही नामाचा वेष घेऊन, म्हणजे ‘इंग’ लावून आलें पाहिजे. ‘वॉन्टेड टु इट्’ चालत नाहीं; म्हणून तेथें ‘टु गो’. आतां मराठींत पाहा : ‘मी भेटीची वाट पाहत होतों’, ‘भेटण्याची वाट पाहत होतों’, दोन्हीकडे नाम. ‘भेटायला वाट पाहत होतों’ असें आपण म्हणत नाहीं. मराठीनें येथेंही वाट दाखविली आहे; पाहणाराच डोळे मिटून बसला तर तिनें काय करावें?

तसेंच ‘यूज्ड टु’चें. ‘ही यूज्ड टु गो’ आणि ‘ही वॉज यूज्ड टु गोइंग’ हीं दोन वाक्यें वर्गांत फळ्यावर लिहिलीं कीं निम्मा वर्ग दोहोंचा अर्थ ‘वापर’ या शब्दाशीं जोडूं पाहतो, कारण ‘यूज’ म्हणजे वापरणें असें त्यानें पाठ केलेलें असतें. एकदां आम्हीं मुलांस एक मराठी वाक्य इंग्रजींत करावयास दिलें : ‘आमचे आजोबा बैलगाडीनें चिखलीच्या बाजारास जात.’ बहुतेकांनीं ‘वॉज गोइंग’ लिहिलें. म्हणजे आजोबा एकाच दिवशीं वाटेंत होते असा अर्थ झाला. कोणी ‘वेन्ट’ लिहिलें. म्हणजे आजोबा एकदां गेले आणि संपलें. आजोबांचें सारें आयुष्य ज्या ‘जात’मध्यें सामावलें होतें तें कोणाच्याच इंग्रजींत उतरलें नाहीं. तेव्हां आम्हीं विचारलें, ‘या ‘जात’ला मराठी व्याकरणांत काय म्हणतात?’ वर्ग गप्प. हा रीतिभूतकाळ. ‘जात असे’, ‘तो जाई’, ‘ती दळण दळी’. भूतकाळांतली संवय सांगण्यासाठीं मराठीपाशीं स्वतंत्र रूपें आहेत. त्यांचा इतिहासही मनोरंजक आहे. ‘करी’, ‘जाई’ हीं जुन्या मराठींत वर्तमानकाळाचीं रूपें. पुढें तीं भूतकाळच्या रीतीकडे सरकलीं. इंग्रजींतही ‘यूज’ हें ‘संवय असणें’ या अर्थीं पूर्वीं वर्तमानांत चालत असे, आतां केवळ भूतकाळांत उरलें. दोन्ही भाषा स्वतंत्र मार्गांनीं एकाच वळणावर आल्या. ‘यूज्ड टु गो’ म्हणजे ‘जाई’ किंवा ‘जात असे’, आणि ‘वॉज यूज्ड टु गोइंग’ म्हणजे ‘जाण्याची संवय होती’, असें सांगतांच वर्गांतली गडबड दोन मिनिटांत थांबली. ती थांबविण्यास आम्हांस लंडनला जावें लागलें नाहीं; आजोबांच्या बैलगाडीपर्यंत गेलें कीं पुरे झालें.

आणखी एकच उदाहरण देतों, कारण तें मराठीच्या सूक्ष्मतेचें आहे. ‘आय रिमेंबर्ड टु पोस्ट द लेटर’ आणि ‘आय रिमेंबर्ड पोस्टिंग द लेटर’ यांतला भेद शिकविण्यास इंग्रजी पुस्तकें पान-पान खर्च करतात. मराठींत तो दोन शब्दांत आहे. ‘पत्र टाकायचें आठवलें’ : आधीं आठवण, मग कृति. ‘पत्र टाकल्याचें आठवलें’ : आधीं कृति, मग आठवण. ‘टाकायचें’ पुढें पाहतें, ‘टाकल्याचें’ मागें पाहतें. हा भेद ज्याच्या बोलण्यांत रोज चुकल्याविना येतो त्या मुलास ‘तुला इंग्रजीची सूक्ष्मता कळावयाची नाहीं’ असें सांगणारा शिक्षक कोणत्या अधिकारानें बोलतो?

आतां भूतकाळच्या क्रियापदांपुढें येणाऱ्या इतर शब्दयोगी अव्ययांकडे वळूं. येथें मराठी फसविते, आणि पुष्कळ फसविते. ‘पुण्याला पोहोंचलों’ म्हणून ‘रीच्ड टु पुणे’. ‘तिच्याशीं लग्न केलें’ म्हणून ‘मॅरीड विथ हर’. ‘त्या विषयावर चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस्ड ऑन’ किंवा ‘डिस्कस्ड अबाउट’. या चुकांचा उगम मराठींत आहे हें आम्ही उघड कबूल करतों. पण उपाय कोठें आहे? ‘मराठी विसरा’ असें म्हटल्यानें ‘ला’ आणि ‘शीं’ मनांतून जात नाहींत. ते चोरपावलांनीं येतात. त्यांना दिवाणखान्यांत बोलावून समोरासमोर बसविलें पाहिजे. ‘त्याला हसला’, ‘त्याच्याशीं भांडला’, ‘त्याच्यावर रागावला’ : हसणें, भांडणें, रागावणें, तिन्ही माणसाविषयींच; मग प्रत्यय तीन कां? याला कारण नाहीं; त्या त्या क्रियापदाची ती ती आवड आहे. मुलास हें पटतें, कारण तो तिघांतही कधीं चुकत नाहीं. मग त्यास सांगावें कीं इंग्रजी क्रियापदांच्याही अशाच आवडी आहेत : ‘लाफ्ड’ला ‘अॅट’ आवडतें, ‘क्वॉरल्ड’ला ‘विथ’, आणि ‘रीच्ड’ला कोणीच आवडत नाहीं, तो एकटाच जातो. इंग्रजी लहरी आहे ही तक्रार मग मावळते. आपलीही भाषा तितकीच लहरी आहे आणि ती आपण सांभाळतों, हा धीर येतो. धीर ही भाषाशिक्षणांतली लहान गोष्ट नव्हे.

आमच्यावर जे आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा कीं, इंग्रजी ही इंग्रजींतूनच शिकवावी, मधें मातृभाषा आणूं नये, हें युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मान्य झालेलें तत्त्व आहे. त्या पद्धतीची आम्ही निंदा करीत नाहीं. परंतु ती जेथें वाढली तेथें वर्गांत कमी पडलेलें रस्त्यावर भरून निघण्याचा संभव होता. शेजारच्या देशाची भाषा कानांवर पडत असे. चिखलीच्या मुलाच्या कानांवर इंग्रजी वर्गाबाहेर वाक्यांनीं पडत नाहीं, सुट्या शब्दांनीं पडते : ‘मोबाइल’, ‘रिचार्ज’, ‘अॅडमिशन’. शब्दांतून वाक्यरचना शिकतां येत नाहीं. ज्याला हवेंतून भाषा मिळत नाहीं त्याला ती समजुतीनें मिळविली पाहिजे, आणि समजूत ज्या भाषेंत पडते त्याच भाषेंत घातली पाहिजे.

दुसरा आक्षेप असा कीं, भाषांतरानें पिढ्या वायां गेल्या. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर आपले आजे-पणजे इंग्रजी शिकले, आणि शब्दास शब्द लावण्याची खोड तेथूनच लागली, असें म्हणतात. शब्दास शब्द लावणें वाईट, हें आम्हांस मान्य आहे. ‘वेन्ट’ म्हणजे ‘गेला’ आणि ‘टु’ म्हणजे ‘ला’ या हिशेबानेंच तर हा घोटाळा झाला. पण भाषांतर निराळें आणि तुलना निराळी. भाषांतर विचारतें, या शब्दाला तिकडे कोणता शब्द? तुलना विचारते, हें काम तिकडे कोण करतें? आम्ही दुसऱ्या प्रश्नाचे पक्षपाती आहों. शिवाय त्या जुन्या पाठमालेवर वाढलेल्यांस निदान दोन्ही भाषांचीं व्याकरणें येत होतीं. आज आम्हीं पाठमाला टाकली आणि तिच्या जागीं कोष्टक ठेविलें. ही प्रगति कशी म्हणावी?

तिसरा आक्षेप अधिक विचाराचा आहे. एका भाषेचें माप दुसरीस लावल्यानें अनर्थ होतात, हें इतिहास सांगतो. ड्रायडननें १६७२ सालीं बेन जॉन्सनच्या वाक्यांच्या शेवटीं येणाऱ्या शब्दयोगी अव्ययांस दोष दिला. लॅटिनच्या शिस्तीवर पोसलेल्या पंडितांनीं पुढें त्याचा नियम केला, आणि इंग्रजी मुलें पिढ्यान्‌पिढ्या त्या नियमापायीं छडी खात राहिलीं, वस्तुतः ती रचना इंग्रजीच्या रक्तांतली असतां. आमच्याकडे दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण लिहिलें तें पुष्कळसें इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. त्या सांच्यांतून मराठीस सोडविण्याचे प्रयत्न पुढें कित्येक दशकें चालले, आणि मोरो केशव दामल्यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ निघण्यास १९११ साल उजाडावें लागलें. मग आतां तुम्ही इंग्रजीला मराठीचें माप लावणार काय, असें कोणी विचारील. नाहीं. माप लावणारा म्हणतो, ‘माझ्यासारखें हो.’ तुलना करणारा म्हणतो, ‘कोठें माझ्यासारखें आहेस आणि कोठें नाहींस, तें पाहूं दे.’ ‘पाहायला गेला’ येथें दोन्ही सारख्या. ‘गेला नाहीं’ येथें निराळ्या. दोन्ही गोष्टी मुलास सांगावयाच्या. यांत इंग्रजीवर जुलूम नाहीं आणि मराठीचा अपमानही नाहीं.

शेवटचा आक्षेप असा कीं, आतां इंग्रजी पहिलीपासूनच आहे, तेव्हां हा प्रश्न आपोआप सुटेल. महाराष्ट्रांत मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० सालीं. तेव्हां पहिलींत बसलेलीं मुलें केव्हांच महाविद्यालयांतून बाहेर पडलीं. त्यांच्या मागच्या कित्येक पिढ्याही आमच्या वर्गांतून गेल्या. ‘टु वेन्ट’ त्यांच्याबरोबर आलें व त्यांच्याबरोबर गेलें. पूर्वीं तें पांचवीपासून घोटलें जाई, आतां पहिलीपासून. लवकर निघालेला वाटसरू जर चुकीच्या रस्त्यानें निघाला असेल तर तो केवळ अधिक दूर जातो.

या सर्वांत आमचा स्वतःचा वाटा आम्ही विसरत नाहीं. इंग्रजी घेऊन पदवी मिळविल्यावर आम्हीही मराठी व्याकरण माळ्यावर टाकलें होतें. ‘मराठींत विचार करूं नका’ हें वाक्य आम्हींही वर्गांत उच्चारलें आहे, आणि तें ऐकून खालीं मान घातलेले चेहरे आम्हांस आठवतात. दामल्यांचें पुस्तक आम्हीं पुन्हा उघडलें तें पुष्कळ उशिरां, तेंही एका विद्यार्थ्यानें ‘सर, टुपुढें वेन्ट कां नाहीं?’ असें विचारल्यावर आम्हांस ‘तसा नियमच आहे’ यापलीकडे उत्तर देतां आलें नाहीं म्हणून. नियम आहे, हें उत्तर नव्हे. तें उत्तर नसल्याची कबुली आहे.

म्हणून आमचें मागणें मोठें नाहीं. त्यास नवा आयोग नको, नवें यंत्र नको. शाळेंत मराठीचा शिक्षक धातुसाधितें शिकवितो आणि इंग्रजीचा शिक्षक ‘इन्फिनिटिव्ह’ शिकवितो. दोघे एकाच खोलींत बसतात. त्यांनीं एकदां बसून हे दोन पाठ एकाच आठवड्यांत घ्यावे. ‘पाहायला’, ‘जावें’, ‘हसूं’ यांना काळ नाहीं हें मराठीच्या तासाला मुलांकडून काढून घ्यावें, आणि दुसऱ्या तासाला ‘टु सी’, ‘टु गो’ समोर ठेवावें. रूपांचें कोष्टक पाठ करून घ्यावयाचेंच असेल तर त्याच्या माथ्यावर एवढें लिहावें : ‘काळ एकानेंच वाहावा.’ रीतिभूतकाळ शिकवितांना ‘यूज्ड टु’ शिकवावें. आणि उत्तरपत्रिका तपासतांना ‘मराठीचा परिणाम’ असा शेरा मारण्यापूर्वीं तपासणाऱ्यानें तें वाक्य मराठींत करून पाहावें. मराठींत तें अशक्य ठरलें, तर शेरा मुलावर न मारतां आपणांवर मारावा.

गेल्या वर्षीं पहिल्या वर्षाच्या वर्गांत आम्हीं फळ्यावर एका बाजूस ‘पाहायला गेला’ आणि दुसऱ्या बाजूस ‘वेन्ट टु सी’ लिहिलें व कांहीं न बोलतां उभे राहिलों. शेवटच्या बांकावरचा एक मुलगा, जो तोंवर वर्गांत एक शब्द बोलला नव्हता, तो आपल्याशींच म्हणाला, ‘हे तं आपल्यासारखंच आहे.’ वर्ग हसला. आम्ही हसलों नाहीं. त्या मुलाची इंग्रजी त्या दिवशीं सुधारली असें आम्ही म्हणत नाहीं; पुढच्या चांचणींतही त्यानें ‘डिड नॉट वेन्ट’ लिहिलेंच. पण त्यानंतर तो प्रश्न विचारूं लागला, आणि ‘टु’च्या पुढें त्यानें पुन्हा ‘वेन्ट’ लिहिलें नाहीं. त्याच्या मराठीनें त्यास तेवढें दिलें. उरलेलें देणें आमच्याकडे आहे, आणि तें फेडण्यापूर्वीं मराठीस दोष देण्याचा आम्हां इंग्रजी शिकविणाऱ्यांस अधिकार पोहोंचत नाहीं.